एका कपात दोघी

यंदा पहिली सीताफळं मी विकत घेतली. वाक्य साधंच आहे, पण लिहिताना हात अडखळला. धारूरसारख्या डोंगराला टेकलेल्या गावात राहून गेल्या तीस वर्षांत ही वेळ माझ्यावर आली नव्हती. बसस्थानकासमोर एक अनोळखी माणूस टोपलं घेऊन बसला होता. त्यानं हाताला येतील ती बारा फळं पिशवीत टाकली, मीही न बघता घेतली. घरी येऊन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. चार दिवसांनी उघडून पाहिलं तर निम्मी दगडासारखी तशीच आणि उरलेली काळी पडलेली. आमच्या ह्यांनी एक फळ हातात घेऊन दाबून पाहिलं आणि विचारलं, "तुझी कौसा कुठं गेली यंदा?" मी पाठ फिरवून भांडी घासायला लागले. ती घासलेलीच होती.

कौसा कुठंही गेलेली नाही. घाटातल्या दुसऱ्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली, दरवर्षी बसते तिथंच सीताफळं घेऊन बसलेली आहे. बसनं येणारे-जाणारे सांगतात. मीच तिकडे फिरकत नव्हते. कारण विचाराल तर लाज. हा शब्द मी वर्गात दिवसातून चारदा तरी वापरते. गृहपाठ केला नाही, लाज वाटत नाही का? नखं कापली नाहीत, लाज वाटत नाही का? पोरं मान खाली घालून उभी राहतात आणि मला वाटतं, झालं काम. स्वतःला वाटते तेव्हा लाज काय चीज असते, ते मला गेल्या वर्षीच्या सीताफळांनी दाखवलं. मान खाली घालून ती संपत नाही. भाजी निवडताना येते, आंघोळ करताना येते आणि कुणी चांगली बाई म्हणून माझं कौतुक केलं की हमखास येते.

कौसाची आणि माझी ओळख चौथीतली. ती किल्ल्याच्या मागच्या अंगाच्या वस्तीवरून चालत शाळेत यायची आणि आश्विनात तिच्या दप्तरात पुस्तकं कमी, सीताफळं जास्त असायची. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या भिंतीला टेकून आम्ही ती खायचो. बी कोण लांब उडवतं याची शर्यत लागायची. तिची बी बोरीच्या झाडापलीकडे जायची, माझी हनुवटीवरून घरंगळून फ्रॉकवर पडायची. "गालात हवा भर आन् मंग सोड," ती शिकवायची. मला ते आजवर जमलेलं नाही. फळ ओळखायलाही तिनंच शिकवलं. सीताफळाच्या अंगावरच्या खवल्यांना आम्ही डोळे म्हणतो. दोन डोळ्यांमधली रेघ पिवळसर पांढरी पडली, डोळे जरा फाकले, की फळ पाडाला आलं. तेव्हा तोडायचं, गवतात घालायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. "डोळं उघडल्याबिगर तोडलं तर ते आंधळंच मरतं बघ," कौसा म्हणायची. माझी परवाची बारा फळं तशीच मेली.

आठवीनंतर तिची शाळा सुटली आणि लग्न झालं. मी डी.एड. केलं, आणि योगायोग असा की माझी पहिली नेमणूक तिच्याच सासरच्या वस्तीवर झाली. डोंगरातली चौदा घरं, एका खोलीची शाळा आणि रस्त्याच्या जागी ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की परतीची वाट बंद. ते चार महिने मी कौसाच्या घरी राहिले. तिची सासू चांगलीच खाष्ट होती. पहिल्याच दिवशी कौसानं मला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि म्हणाली, "आत्याबाई, ही मपली मैत्रीण. शाळंची बाई हाय, पन आधी मैत्रीण." एवढ्यावर माझं ताट वाढलं गेलं. मी तिच्याच गोधडीत झोपले, तिच्याच फणीनं विंचरलं. ताप आला तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मला बाजेवर घालून ओढा पार केला. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना मी कौसाची मैत्रीण म्हणूनच माहीत होते. माझं नाव त्यांनी कधी विचारलंही नाही.

पुढं माझी बदली गावात झाली, कापडाचं दुकान असलेल्या घरात लग्न झालं. दर आश्विनात बाजारच्या दिवशी कौसा येणार हे ठरलेलं. टोपलं ओसरीत ठेवायचं, पाय धुवायचे आणि थेट स्वयंपाकघरात येऊन फरशीवर फतकल मारायची. मी एकच कप चहा करायची. कप माझा, बशी तिची. दोन कप ठेवले तर रागवायची. "पाव्हनी हाय का म्या?" एका कपात दोघी ही आमची रीत, वस्तीवर दूध पुरायचं नाही तेव्हापासूनची. तिची बशी आधी संपायची, मग ती न विचारता माझ्या कपातून आणखी घोटभर ओतून घ्यायची. उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत माझ्या सासूबाई महा कडक, पण त्यांनीही या प्रकाराला कधी नाक मुरडलं नाही. फारतर म्हणायच्या, साखर तरी जास्त घाला गं, भांडाल.

हे सगळं घरात. घराबाहेर माझी वेगळीच तऱ्हा. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या मूळच्या पुण्याकडच्या. स्वभावानं वाईट नाहीत, फक्त कान तिखट. मी या शाळेत नवीन असताना शिक्षकांच्या खोलीत सहज बोलून गेले, "काल मी केजला गेलते." त्या हसून म्हणाल्या, "गेले होते म्हणा, बाई. मुलं ऐकतात." सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवसापासून मी माझं बोलणं घासायला काढलं. पाच-सहा वर्षांत इतकं लख्ख झालं की स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. एकदा एक पाहुणे म्हणाले, तुम्ही इकडच्या वाटत नाही हो. हे वाक्य मी घरी येऊन तीनदा सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, ह्यांना सांगितलं आणि फोन करून बहिणीला सांगितलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बसस्थानकाच्या रस्त्यावर कॉफीचं दुकान निघालं. दुकान म्हणायचं नाही, कॅफे म्हणायचं, असं माझी लेक फोनवरून बजावते. काचेचा दरवाजा, भिंतीवर प्लास्टिकचं हिरवं गवत, वायरला लोंबणारे पिवळे दिवे, तेही भर दुपारी चालू. चालवणारी प्राजक्ता आमच्याच गल्लीतल्या एका घरची सून. पुण्यात अशाच दुकानात तिनं काही वर्षं काम केलेलं. गावात आधी थट्टाच झाली. डोंगराखाली कडू पाणी प्यायला कोण येतंय, असं ह्यांनी गल्ल्यावर बसून जाहीर केलं. पण बायका यायला लागल्या, आणि त्यामागं जे होतं ते पुरुषांना कळण्यासारखं नव्हतं. आमच्या गावात चहाची हॉटेलं ढीगभर. पहाटेपासून तिथल्या बाकड्यांवर पुरुष बसलेले. बाईमाणसानं तिथून जाताना पदर सारखा करायचा आणि पाय उचलायचे. मी या गावात जन्मले, इथल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली, आणि पन्नास वर्षांत एकदाही गावातल्या बाकड्यावर बसून चहा प्यायले नाही. तल्लफ आली तर घर गाठायचं. त्यामुळे काचेआड खुर्चीवर टेकून निवांत बसलेल्या बायका रस्त्यावरून दिसायला लागल्या, तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकीला आत जावंसं वाटलं. कौसालाही वाटलं.

"मला ने की गं एकदा तिथं," बशी खाली ठेवत ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या काचंच्या दुकानात. जाता-येता टेम्पोतून बघते म्या. बायाच बसतेत आत. आन् कुनी ऊठ म्हनत न्हाई."

"अगं, कडू असते ती कॉफी. तुला नाही आवडायची."

"कडू तर कडू. पाडव्याला कडुलिंब खात न्हाई का? मला बसायचं हाय तिथं. खुर्चीवर, पंख्याखाली, म्होरं कप ठिवून."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हे मला स्वतःच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही. दिवाळीच्या सुट्टीतला, बाजार नसलेला आडवार ठरवला, वेळ सकाळी अकराची. निवांत बसू, गर्दी नको, असं मी तिला म्हणाले. खरा विचार वेगळा होता. मोठ्या बाई सुट्टी लागली की माहेरी जातात, बाकीच्या शिक्षिका फराळाच्या घाण्यात अडकलेल्या असतात आणि अकराला दुकानात चिटपाखरू नसतं, हे सगळं मी मनात जुळवलं होतं. मैत्रिणीला घेऊन जायचं आणि कुणाला दिसायचं नाही. तेव्हा मी याला निवांतपणा म्हणत होते.

कौसा अकराच्या आधीच येऊन दुकानासमोर उभी होती. माझ्या लेकीच्या लग्नात मी तिला नेसवलेली जांभळी साडी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लावली होती, घडीच्या रेघा अजून उभ्या. हातात वायरची मोठी पिशवी, ती काठोकाठ सीताफळांनी भरलेली, सगळ्या फळांचे डोळे उघडलेले, वर एक नारळ आणि हळदी-कुंकवाची पुडी.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"नवं दुकान हाय तिचं. नव्या जागी रिकाम्या हातानं कसं जावं? तिची ओटी भरते."

"अगं, इथं असं काही करत नाहीत."

"काऊन? दुकान हाय न्हवं? मंग बरकत नको का?"

ती दाराशी गेली, चपला काढल्या, नीट जोडून भिंतीला लावल्या आणि अनवाणी आत शिरली. पुसून लख्ख केलेली फरशी दिसली की चपला काढायच्या, हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. मला मात्र तेव्हा तिच्या त्या भेगाळलेल्या टाचाच दिसल्या. मी चपला घालून आत गेले.

दुकानात खरंच कुणी नव्हतं. प्राजक्ता मशीनशी खटपट करत होती, "बसा काकू, आलेच," म्हणाली. कौसा खुर्चीवर आधी अंग चोरून बसली, मग मागं टेकली, मग दोन्ही हात टेबलावर पसरून पंख्याकडे बघत हसली. काय हसली! पन्नाशीची बाई चौथीतल्या पोरीसारखी दिसायला लागली. पिशवी तिनं पायापाशी ठेवली. प्राजक्ताचे हात मोकळे झाले की नीट कुंकू लावून तिच्या ओटीत घालणार, तोवर नाही. मी दोन कॉफी सांगायला निघाले तर तिनं मनगट धरलं. "एकच सांग."

कप आला. रुंद, पांढरा, वर फेसात पानाची नक्षी.

"अगं बया! पिंपळाचं पान काढलंय. ह्ये कसं प्यावं?"

"चमच्यानं मोड."

"न्हाई बाई. पाप लागंल."

तिनं प्राजक्ताला हाक मारून बशी मागितली. केकसाठी असते तशी एक चपटी डिश मिळाली. कौसानं अलगद, पान न हलवता, कडेकडेनं कॉफी त्या डिशमध्ये ओतायचा खटाटोप केला. पान तिरकं झालं, लांबलं आणि शेवटी वांग्यासारखं दिसायला लागलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिनं फुर्रकन घोट घेतला आणि डोळे मिटले. "लई कडू हाय की गं! गूळ न्हाई का हिच्याकडं?" मग साखरेच्या तीन पुड्या फोडल्या. मग म्हणाली, आता झक्कास. ती दहा मिनिटं मी पुष्कळदा आठवते. त्या दहा मिनिटांत मी चांगली होते.

काचेचा दरवाजा ढकलून मोठ्या बाई आत आल्या. मागं शाळेतल्या दोघीजणी, हातात दिवाळीच्या खरेदीच्या पिशव्या. मोठ्या बाई त्या वर्षी माहेरी गेल्या नव्हत्या. "अरे वा, तुम्ही इथं!" म्हणत त्या सरळ आमच्या टेबलापाशी आल्या आणि खुर्च्या ओढल्या. त्यांची नजर टेबलावरच्या डिशवर गेली, सांडलेल्या कॉफीवर गेली, मग कौसाच्या अनवाणी पायांवर गेली. आणि त्यांनी अगदी सहज, हसऱ्या तोंडानं विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या... आमच्याकडं सीताफळं घेऊन येतात," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी अर्धी लाज वाचली असती. पण मी थांबले नाही. "बाहेर उन्हात उभ्या होत्या बिचाऱ्या. म्हटलं, या आत, घोटभर कॉफी घ्या."

शुद्ध, लख्ख मराठीत म्हणाले. मोठ्या बाईंनी मान हलवली. "खरंच, मन मोठं आहे हो तुमचं. आम्हाला नाही सुचत असं." बाकीच्या दोघींनीही माना हलवल्या.

कौसानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवायला लागतो तितकाच. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही, कपाच्या कानाकडे बघत राहिले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्चीवरून उठली आणि खुर्ची जागच्या जागी सरकवून ठेवली.

"लई मायाळू हायेत बाई," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "मागितल्याबिगर कुनी पानी देत न्हाई. ह्यांनी कापी पाजली."

आणि पिशवी उचलून दाराजवळ गेली. तिथं भिंतीला टेकून उकिडवी बसली, फळं विकायला बसते तशी. मला वाटलं होतं, ती निघून जाईल. चिडून निघून गेली असती तर मी खोटी पडले असते. ती गेली नाही. माझं खोटं खरं दिसावं म्हणून तिथं बसून राहिली.

"डोळे छान उघडलेत हो," एक बाई म्हणाल्या आणि पिशवीपाशी वाकल्या. मग तिघी वाकल्या. प्राजक्तासाठी आणलेली ओटी माझ्या डोळ्यांदेखत विकली जायला लागली. कौसा निमूटपणे एकेक फळ काढून देत होती. मोठ्या बाईंनी भाव विचारला, फार होतो म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुमचं ऐकतील त्या. सांगा ना जरा कमी करायला."

माझं तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले, "द्या हो कमी करून. आमच्याच बाई आहेत."

"घ्या की," कौसा म्हणाली. "तुमी म्हनताव म्हनल्यावर."

हे लिहितानाही मला उठून पाणी प्यावं लागलं. मी माझ्या मैत्रिणीशी, तिनं दुसऱ्याला भेट म्हणून आणलेल्या फळांचा, तिसऱ्यासाठी भाव केला. एक मोठं फळ, माझ्या ओंजळीत मावणार नाही असं, तिनं पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. मोठ्या बाईंनी त्याला हात घातला तेव्हा मात्र कौसानं पिशवीचं तोंड आवळलं. "त्ये न्हाई इकायचं. त्ये दिलेलं हाय." सगळं आटपल्यावर ती उठून प्राजक्ताकडे गेली, तिच्या कपाळाला हळद-कुंकू टेकवलं आणि नारळ आणि ते फळ पुढं केलं. त्या पोरीच्या अंगात जीन्स, पदर कुठला असायला? तिनं कमरेचा ॲप्रन दोन्ही हातांनी पसरला आणि वाकून नमस्कार केला. कुणी शिकवलं नव्हतं तिला. कौसा तिला काहीतरी पुटपुटली, दाराबाहेर चपला घातल्या आणि बसस्थानकाकडे चालायला लागली. जांभळी साडी काचेतून बराच वेळ दिसत होती. मोठ्या बाईंनी तिची डिश एका बोटानं बाजूला सरकवली आणि मेनू उघडला.

मी त्यांच्याबरोबर बसून दुसरी कॉफी प्यायले, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "विकते ती सीताफळं. खोटं काय बोललीस?" म्हणाले. हेच तर. प्रत्येक शब्द खरा होता. ती आमच्याकडं सीताफळं घेऊन येते, ती उन्हात उभी होती, मी तिला आत नेलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त मला हाताला धरून चुलीपाशी नेताना तिनं उच्चारलेला शब्द तेवढा मी गाळला. पुष्कळदा वाटतं, मोठ्या बाई करणार काय होत्या? नोकरी जाणार नव्हती, पगार थांबणार नव्हता. फार तर हसल्या असत्या. एका हसण्याला मी चाळीस वर्षांची मैत्रीण देऊन बसले. आणि वर मन मोठं असल्याचं कौतुक पदरात पाडून घेतलं. शाळेत अजून कुणी कुणी ते बोलून दाखवतात. गरिबांना किती जपता हो तुम्ही.

कौसा त्यानंतर आली नाही. संक्रांत गेली, पाडवा गेला. मी फोन उचलायची आणि ठेवायची. वर्षभर स्वयंपाकघरात मी एकटी पूर्ण कप चहा पीत होते आणि तो मला जास्त होत होता. मग आश्विन आला, बाजारात सीताफळं आली, ती बारा आंधळी फळं मी उकिरड्यावर टाकली, आणि गेल्या रविवारी घाटाकडे जाणाऱ्या टेम्पोत बसले.

दुसऱ्या वळणावर उतरले. ती टोपल्यांमागे बसली होती, पुढं पिकलेल्या फळांची रास, मागं गवतात झाकलेली कच्ची. मला बघून तिनं हातातलं गवत खाली ठेवलं.

"कौसा, त्या दिवशी मी..."

"आधी सावलीत ये. ऊन हाय."

तिनं पोतं पसरलं. मी टोपल्यांमागे, तिच्या शेजारी, जमिनीवर बसले. मग मी सगळं बोलून टाकलं, रडत, नाक पुसत. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "राग न्हाई आला बघ मला. घरी जाऊन रडले मातर."

"काऊन रडलीस?" मी विचारलं. कित्येक वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला.

"तुझ्यासाठीच रडले. त्या बाईनं तुला काय बी केलं नसतं. तरी तुपलं तोंड येवढं येवढं झालतं. म्हनलं, आपली ही तीस वर्सं शाळंत जाती, रोज येवढं भेत असंल का काय?"

तिनं एक फळ फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. साय लागावी तसा गर. किती दिवसांनी नीट श्वास घेत होते.

"आता नाही भिणार," मी म्हणाले. "आता कुणीही विचारू दे. मोठ्या बाई विचारू देत नाहीतर कलेक्टर. मी सांगेन, ही माझी मैत्रीण."

"बरं," ती म्हणाली आणि हसली.

तेवढ्यात खालच्या वळणावरून पांढरी गाडी वर आली. पुढच्या काचेत लोंबणारी मोत्यांची माळ मी रोज शाळेच्या फाटकात बघते. मोठ्या बाईंची गाडी. टोपल्या दिसल्या तशी ती हळू झाली, कडेला यायला लागली. मी काही ठरवलं नव्हतं. देवाशपथ सांगते, काहीही ठरवलं नव्हतं. पण मी आपोआप खाली सरकले आणि टोपलीमागं तोंड घालून गवतात कच्ची फळं शोधायला लागले.

कौसानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग पिकलेल्या फळांच्या राशीपुढं उभी राहून तिनं दोन्ही हात हलवले.

"कच्ची हायेत बाई समदी! आज न्हाई! परवा या!"

गाडीनं पुन्हा वेग घेतला. आवाज वरच्या वळणापर्यंत गेला, मग नाहीसा झाला. माझं तोंड अजून गवतातच होतं.

"गेली गं गाडी," कौसा म्हणाली. "ऊठ आता."